टाळूवरचा काळा डाग

खुर्च्या-सोफे मढवणाऱ्या माणसाला तीन हात लागतात. एका हाताने कापड ताणून धरायचं, दुसऱ्याने हातोडी चालवायची आणि तिसऱ्याने खिळा धरायचा. तो तिसरा हात कुणालाच मिळालेला नाही, म्हणून या धंद्यातली माणसं ते काम जिभेकडून करून घेतात. मूठभर बारीक काळे खिळे तोंडात टाकायचे, गालात साठवायचे आणि जिभेने एकेक फिरवून ओठांवर आणायचा. हातोडीच्या टोकाला लोहचुंबक असतं. ती ओठांना टेकवली की खिळा तिला चिकटतो आणि पुढच्या ठोक्याला लाकडात जातो. बघणाऱ्याच्या अंगावर काटा येतो, करणाऱ्याला त्याचं काहीच वाटत नाही.

तिला सगळी गल्ली खिळेताई म्हणायची. हे काम तिने वडिलांकडून उचललं. वडिलांनी आधी कच्च्या तांदळाचे दाणे तोंडात फिरवायला लावले आणि दाणा न चावता, न गिळता हवा तेव्हा ओठांवर यायला लागला, तेव्हाच खिळ्यांना हात लावू दिला. पुढे ती इतकी तयार झाली, की गालात खिळे असतानाच गिऱ्हाइकाशी भांडायची. ते भांडण एकट्या नवऱ्याला कळायचं. तो छोटा टेम्पो चालवायचा, लोकांचे मोडके सोफे घेऊन यायचा आणि मढवलेले पोचवायचा. गिऱ्हाइकाने कापडाचा भलताच रंग निवडला की ही खिळ्यांआडून म्हणायची, "यांच्या डोळ्यांना काय झालंय का?" आणि नवरा हसतमुखाने भाषांतर करायचा, "ती म्हणतेय, रंग चांगला आहे, पण याहून बरा दाखवते." असा त्यांचा संसार. मूलबाळ नव्हतं. दुकान पुढे, दोन खोल्या मागे, आणि शेजारी सुतारकाका, जे लाकडाच्या चौकटी करून द्यायचे आणि न विचारता सल्लेही.

पन्नाशीच्या आत-बाहेर असताना एका सकाळी तिच्या हातात कात्री उघडेना. बोटांची पेरं सुजून टणक झाली होती. आधी वाटलं, कामाने आखडली असतील. मग मनगटं धरली, मग गुडघे, मग पावलं. सकाळी पलंगावरून उठायचं म्हणजे तिला रडू यायचं, आणि ती रडणाऱ्यातली नव्हती. शेवटी नवऱ्याने तिला सांध्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. संधिवात निघाला, आणि तोही साधा म्हातारपणाचा नव्हे.

डॉक्टरीणबाई समजावून सांगणाऱ्या होत्या. म्हणाल्या, "शरीरात रोगाशी लढणारं एक पथक असतं. तुमचं पथक घरच्यांनाच चोर समजून बडवतंय. सांध्यांनाच झोडपतंय. आपण त्याला औषधाने थोडं शांत करू."

"आणि खरोखरचा चोर आला तर?" नवऱ्याने विचारलं. त्याला वाटलं, आपण विनोद केला.

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. "तेच सांगणार होते. ताप आला, खोकला झाला, नाक चोंदलं, काहीही झालं तरी आधी मला फोन करायचा. घरी बसून वाट बघायची नाही. आणि धुळीचं काम असेल तर नाकातोंडाला मास्क."

आठवड्यातून एकदा घ्यायच्या गोळ्या सुरू झाल्या, रोजची एक बारकी पांढरी स्टेरॉइडची गोळी सुरू झाली, आणि तेवढ्याने भागेना म्हणून पुढे इंजेक्शनही. आणि खरंच, हात परत आले. ज्या सकाळी कात्री पहिल्या दमात उघडली, त्या सकाळी ती कापड न कापता नुसतीच कात्री उघडत-मिटत बसली होती. नवरा म्हणाला, "हवा कापतेयस का?" ती म्हणाली, "कापू द्या. माझी हवा आहे."

मास्कचं मात्र जमलं नाही. तोंडात खिळे भरल्यावर मास्क लावायचा कुठे? ती तो गळ्यात अडकवून ठेवायची आणि डॉक्टरीणबाईंना सांगायची, "असतो की माझ्याजवळ." हे खोटं नव्हतं.

फोनचंही बिनसलं. एकदा तिला ताप आणि खोकला झाला, तेव्हा तिने शहाण्यासारखा फोन केला होता. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या-इंजेक्शन काही काळ थांबवलं. खोकला गेला, पण तेवढ्यात हात पुन्हा दगड झाले. नवऱ्याने तिला भरवलं, तिच्या कपड्यांची बटणं लावली, केसही विंचरले, वाकडे. त्याला त्याचं काही वाटलं नाही, पण तिच्या मनाने मात्र धसका घेतला. तिने मनाशी ठरवून टाकलं, की यापुढे साध्या सर्दीपडशाचं डॉक्टरीणबाईंच्या कानावर घालायचंच नाही. औषध बंद होणं हीच तिला जगातली सगळ्यात वाईट गोष्ट वाटत होती. याहून वाईट काही असतं, हे तिला माहीत नव्हतं.

मग नाट्यगृहाच्या खुर्च्यांचं काम आलं. नाट्यगृह कितीतरी वर्षं बंद पडलेलं. छत गळत होतं, खुर्च्या भिजत होत्या, वाळत होत्या, पुन्हा भिजत होत्या. नव्या मालकांना त्या सगळ्या मढवून हव्या होत्या. नवऱ्याने पहिली खेप आणून दुकानात उतरवली, तेव्हाच खोलीभर कुबट वास सुटला. जुनं कापड सोललं की आतून राखाडी-हिरवट भुकटी उडायची. नवरा खोकत बाहेर जायचा. ती जात नव्हती. इतकं मोठं काम तिच्या हाताला कधी मिळालं नव्हतं, आणि हात आता चालत होते. ती गाणं गुणगुणत, गालात खिळे घेऊन, खुर्चीमागून खुर्ची उलगडत राहिली.

त्या भुकटीनेच सगळं केलं, असं कुणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. पुढे डॉक्टरांनीही सांगितलं नाही. बुरशी हवेत असते, मातीत असते, आपण सगळेच ती रोज नाकात घेतो आणि शरीर ती परतवून लावतं. तिचं शरीर ते काम करत नव्हतं, एवढंच.

आधी डावं नाक चोंदलं. फक्त डावं. ती गरम पाण्याची वाफ घेत राहिली. मग नाकातून तपकिरी, मळकट पाणी यायला लागलं, तर ती म्हणाली, धूळ निघतेय, बरंच आहे. मग डाव्या बाजूच्या वरच्या दाढा ठणकायला लागल्या. ठणका असा, की उशीवर गाल टेकवता येईना. नवरा म्हणाला, "डॉक्टरीणबाईंना फोन लावू का?"

"दाढेसाठी सांध्यांच्या डॉक्टरला फोन? उद्या टेम्पो बिघडला तरी त्यांनाच विचाराल."

तो हसला आणि गप्प बसला. त्याला हसवलं की तो गप्प बसतो, हे तिला संसाराच्या सुरुवातीपासून ठाऊक होतं.

आणि मग एके दिवशी ठणका थांबला. आपोआप, अगदी साफ. गाल जरा जड होता, दंतवैद्याने सुई दिल्यावर होतो तसा बधिर, पण दुखणं गेलं होतं. ती खुशीत आली. "बघा, माझं मीच बरं केलं," असं तिने नवऱ्याला ऐकवलं. त्या आनंदाची आठवण पुढे तिला सगळ्यात जास्त छळायची. ज्या दिवशी तिच्या काळजाचं पाणी व्हायला हवं होतं, त्या दिवशी ती दाढेवर जय मिळवल्यासारखी दुकानात फिरत होती.

टाळूवरचा डाग तिला आरशात दिसला, तो त्यानंतर. दात घासताना तोंड उघडलं, तर डाव्या बाजूला नखाएवढा काळा ठिपका. तिला धक्का बसला, पण क्षणभरच. कारण या धंद्यात काळं तोंड ही काय नवलाची गोष्ट! खिळ्यांचा काळा रंग जिभेला लागतो, हिरड्यांना लागतो, आणि कधीमधी खिळा टोचतो, तिथे काळी खपली धरते. तिने तरीही जाऊन सुतारकाकांपुढे तोंड वासलं.

काकांनी चष्मा कपाळावर चढवून आत डोकावलं. "खिळ्याचं आहे ते. तुझ्या वडिलांच्या टाळूला असा डाग कायमचाच होता. मी बघितलाय ना! कारागिराची खूणच म्हण ती."

काकांचं खोटं नव्हतं. वडिलांच्या टाळूला डाग होता. दुसऱ्या कुठल्याही बाईने टाळूवर काळं बघितलं असतं, तर ती किंचाळत दवाखान्यात धावली असती. ही मात्र आनंदाने परत आली आणि तिने गालात मूठभर खिळे भरले.

पुढच्याच दिवशी दुपारी ती खुर्चीच्या पाठीला कापड ठोकत होती. हातोडी ओठांना टेकवली तर खिळा आला नाही. गालात शेवटचा एक असायला हवा होता. जिभेने शोधला, मिळेना. गिळला की काय, या विचाराने ती जरा चरकली. नवरा दारात उभा होता. त्याने विचारलं, "काय झालं?"

"खिळा गिळला बहुतेक," ती म्हणाली आणि ओशाळून हसली.

ती हसली म्हणूनच त्याला दिसलं. नवऱ्याचा चेहरा असा झाला, की तिचं हसू अर्ध्यात राहिलं. "हलू नकोस," तो म्हणाला. "अजिबात हलू नकोस. तोंड उघड."

खिळा गिळलेला नव्हता. तो तिच्या टाळूत उभा होता. त्या काळ्या डागाच्या मधोमध, डोक्यापर्यंत रुतलेला, आणि तिला त्याचा पत्ता नव्हता. नवऱ्याने बोटांनी तो धरला आणि ओढला. खिळा निघून आला. तिला काही कळलं नाही, ना टोचल्याचं, ना ओढल्याचं.

"दुखलं?"

"नाही."

तो खिळ्याकडे बघत राहिला. मग पुन्हा तिच्या तोंडात बघितलं. तिथे बारीक भोक दिसत होतं. रक्ताचा एक थेंबही नव्हता.

"रक्त का येत नाही?" तो म्हणाला. इतका वेळ तिला भीती वाटली नव्हती. नवऱ्याने हा प्रश्न असा हळू आवाजात विचारला, तेव्हा वाटली. लहानपणापासून तिला शेकडो वेळा खिळा टोचला होता. रक्त आलं नाही असं कधी झालं नव्हतं. जिवंत माणसाच्या अंगात खिळा जातो आणि रक्त येत नाही, याचा अर्थ काय होतो, तो तिच्या मनाने लावायला सुरुवात केली आणि तिने तो विचार तिथेच तोडला.

त्याने हातोडी तिच्या हातातून काढून घेतली, दुकान उघडं टाकलं आणि तिला टेम्पोत बसवलं. वाटेत त्याने डॉक्टरीणबाईंना फोन लावला. "तशाच मोठ्या रुग्णालयात जा. नाक-घशाच्या सर्जनना मी सांगते. कुठेही थांबू नका," एवढंच त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजातली घाई ऐकून नवऱ्याचं धाबं दणाणलं. 

सर्जन तरुण होता. त्याने दिवा लावलेली बारीक नळी तिच्या नाकात घातली. मग एका सळीने गालाला आतून स्पर्श केला. "दुखतंय?"

"नाही."

"इथे?"

"नाही."

"आता?"

"काहीच नाही हो. अजिबात दुखत नाही." तिला वाटलं, दुखत नाही म्हटल्यावर डॉक्टरांना बरं वाटेल. पण तिच्या प्रत्येक 'नाही'गणिक त्या तरुण माणसाचा चेहरा उतरत गेला. शेवटी तो सळी खाली ठेवून तिच्या समोर बसला आणि तिने त्याच्याकडे बघायचं टाळलं.

टाळूच्या मांसाचा तुकडा तपासायला गेला, डोक्याचं स्कॅन झालं, रक्तात साखर वाढलेली निघाली, तीही स्टेरॉइडमुळे. संध्याकाळ व्हायच्या आत सगळं कळलं. नाकाच्या बाजूच्या पोकळ्यांत बुरशी वाढली होती. ती नुसती साचलेली नव्हती. ती मांसात शिरत होती, रक्तवाहिन्या बंद करत होती, आणि रक्त बंद झालं की तो भाग मरत होता. मेलेला भाग दुखत नाही. काळा पडतो. वर डोळा होता, आणि डोळ्यामागे मेंदू.

"लगेच ऑपरेशन करावं लागेल," सर्जन म्हणाला. "आत गेल्यावर जिथे ताजं रक्त येईल, तिथपर्यंत काढत जायचं. टाळूचा डावा भाग जाईल, दात जातील, गालाचं थोडं हाड. डोळ्याचं आत्ता सांगता येत नाही. बुरशी तिथवर पोचली असेल, तर तोही काढायची परवानगी आधीच लागेल."

"डोळा नाही," नवरा ताडकन म्हणाला. "डोळ्याला हात लावायचा नाही."

"अहो."

"नाही म्हणजे नाही. तू गप्प बस."

"तुम्ही गप्प बसा," ती म्हणाली. तिचा आवाज दुसऱ्याच कुणाचा वाटत होता. "सुतारकाका सडकी चौकट कशी तासतात, बघितलंय ना? थोडं राहू देतात का कधी? राहिलं की पुन्हा सगळंच सडतं." मग सर्जनकडे वळून म्हणाली, "घ्या काय घ्यायचं ते. पण मला मरायचं नाही. अजिबात मरायचं नाही मला." आणि ती लहान पोरीसारखी रडायला लागली.

ऑपरेशनला नेण्यापूर्वी डॉक्टरीणबाई भेटायला आल्या. पलंगाशी उभ्या राहून त्यांनी विचारलं, "मला का नाही कळवलंत?"

"तुम्ही औषध बंद केलं असतं."

"केलंच असतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.  तिच्या वाकड्या बोटांवर त्यांनी हात ठेवला.

शुद्ध आली, तेव्हा अर्धा चेहरा पट्ट्यांखाली होता. डावीकडे सगळा अंधार. पट्टीमुळे अंधार आहे, की डोळाच नाही म्हणून अंधार आहे, हे तिला कळेना. विचारावं, तर तोंडात कापसाचे बोळे. हाताने चाचपावं, तर हाताला सुया. ती छताकडे बघत पडून राहिली. पट्टीखाली पापणी हलवून बघायचं तिच्या मनात आलं, आणि धीर झाला नाही. हलली तर बरंच. न हलली तर? न बघता काही काळ तरी डोळा आहे असं धरून चालता येत होतं. नवरा येऊन उभा राहिला, तेव्हा तिने त्याच्या तोंडाकडे बघितलं. तो काही बोलायच्या आधीच त्याला हुंदका आला.  गेला, असंच तिने धरलं.

"आहे," तो रडत रडत म्हणाला. "डोळा आहे गं. राहिला डोळा."

तिला त्याचा इतका राग आला! हे आधी सांगून मग रडता येत नव्हतं का?

डोळा राहिला, पण बाकी बरंच गेलं. बोळे काढल्यावर ती पहिल्यांदा बोलायला गेली, तर तोंडातून शब्दांऐवजी वारा आला. अर्धी टाळूच नव्हती, सगळा आवाज नाकातून निघून जात होता. पाणी प्यायलं तर नाकातून बाहेर येत होतं. तिने नवऱ्याला काहीतरी सांगितलं. पुन्हा सांगितलं. तो पुढे वाकून, कपाळाला आठ्या घालून ऐकत होता. खिळ्यांआडचं सगळं ज्याला कळायचं, त्याला तिचा एक शब्द कळेना. तिने मग भिंतीकडे तोंड फिरवलं.

त्यानंतर सलाइनमधून बुरशीचं औषध. ते सुरू झालं की थंडी वाजून अंग उडायचं, दात वाजायचे, राहिले होते तेवढे. ते औषध मूत्रपिंडांनाही जड जातं, म्हणून रोज रक्त तपासायचे. मधे एकदा पुन्हा आत जाऊन साफ करावं लागलं. आणि सांध्यांची औषधं बंद, स्टेरॉइडची गोळी उतरवत उतरवत नेलेली. बोटं एकेक करून मिटत गेली. जिला ती जगातली सगळ्यात वाईट गोष्ट समजत होती, ती आता घडत होती, आणि तिच्याकडे बघायला तिला सवड नव्हती.

घरी आली, ती टाळूच्या जागी बसवायची, कवळीसारखी कडक, एक गुलाबी पट्टी घेऊन. दंतवैद्यांनी माप घेऊन केलेली. ती लावली की बोलता यायचं, जेवता यायचं. काढली की तोंडात वर नुसतं विवर. सर्जनने घरी सोडताना नवऱ्याला समोर बसवून बजावलं होतं, "रोज सकाळी पट्टी काढायची, टॉर्चने आत बघायचं. लाल, ओलसर असेल तर ठीक. काळं, राखाडी, सुकलेलं, काहीही वेगळं दिसलं, तर त्याच दिवशी यायचं. उद्या नाही. ही बुरशी परत येऊ शकते. लवकर दिसली तर वाचवू."

तेव्हापासून रोज सकाळी ती खिडकीजवळच्या खुर्चीत बसायची, पट्टी काढायची आणि डोळे मिटून तोंड उघडायची. तिने स्वतः आत कधीच बघितलं नव्हतं. घरातल्या आरशावर तिने चादर टाकली होती. नवरा टॉर्च घेऊन वाकायचा. तो सरळ होईपर्यंत तिचा श्वास अडकलेला असायचा. मग तो म्हणायचा, "लाल आहे. एकदम लाल." आणि तिचा दिवस सुरू व्हायचा.

मग डॉक्टरीणबाईंनी सांध्यांचं औषध पुन्हा सुरू करायचं ठरवलं. अगदी थोडं, बुरशीच्या गोळ्यांच्या जोडीने. "हात पूर्ण जाऊ द्यायचे नसतील तर घ्यावं लागेल," त्या म्हणाल्या. "धोका आहे. म्हणून ते रोजचं बघणं चुकवू नका. सगळं त्याच्यावर आहे."

तिने गोळी हातात घेतली, तेव्हा तिचा जीव टांगणीला लागला होता. घेतली नाही तर चमचा धरता येत नव्हता. घेतली तर तोच चोर, तेच उघडं दार. शेवटी तिने नवऱ्याकडे बघितलं. "तुम्ही रोज बघताय ना नीट?"

"बघतोय की," तो म्हणाला. तिने गोळी गिळली.

एका सकाळी ती नेहमीसारखी खुर्चीत बसली होती. आभाळ भरलेलं होतं, खोलीत अंधारलेलं होतं. कुणास ठाऊक का, त्या दिवशी तिने डोळे मिटले नाहीत. नवरा वाकला. टॉर्च तिच्या तोंडासमोर धरला. तिला टॉर्चची काच अगदी जवळून दिसत होती. ती काच काळी होती. टॉर्च लागलेलाच नव्हता.

"लाल आहे," नवरा म्हणाला. "एकदम लाल."

त्याचे डोळे गच्च मिटलेले होते.

तिला ओरडायचं होतं, पण पट्टीशिवाय शब्द उमटेना. तिने त्याचं मनगट धरलं. त्याने डोळे उघडले, तिच्याकडे बघितलं, हातातल्या टॉर्चकडे बघितलं, आणि तो मटकन पलंगावर बसला. तिने पट्टी तोंडात बसवली. बोटं वळत नव्हती, पट्टी बसायला फार वेळ लागला.

"कधीपासून?"

तो टॉर्चचं बटण चाचपत राहिला.

"कधीपासून, अहो?"

"पहिल्या दिवशी बघितलं होतं," तो म्हणाला. "तू अशी बसलेली, आणि आत ते... मग मला बघवेना. रोज म्हणायचो, उद्या बघू. काळं दिसलं तर तुला काय सांगू, कसं सांगू, हेच डोक्यात. लाल म्हटलं की तू हसायचीस."

म्हणजे ती रोज सकाळी निर्धास्त होत होती, ती कशाच्या जोरावर? ती त्या गोळ्या गिळत होती, तेव्हा आत काय चाललं होतं, ते कुणीच बघितलं नव्हतं.  पण नवऱ्यावर चिडायला गेली आणि चिडता येईना. आरशावर चादर कुणी टाकली होती?

ती उठली. चादर ओढून काढली. टॉर्च लावला. पट्टी काढली आणि तोंड उघडून आरशाजवळ गेली. जिथे छत असायला हवं तिथे खोल पोकळी होती, थेट वर गेलेली.  तिने कपाटाला धरलं आणि बघत राहिली. लाल होतं. ओलं, लालबुंद. मग टॉर्च तिरका केला, तर मागे, डाव्या कोपऱ्यात, काहीतरी मळकट, तपकिरी दिसलं.

तिने टॉर्च नवऱ्याच्या हातात दिला आणि त्याच्यापुढे उभी राहिली. तो नाही नाही म्हणत मान हलवत होता. ती हलली नाही. शेवटी तो वाकला. या वेळी त्याचे डोळे उघडे होते. 

"मागे काहीतरी आहे," तो म्हणाला. "ते काय आहे, मला कळत नाही."

त्याच दिवशी, त्याच तासाला दोघं सर्जनसमोर होते. टेम्पो चालवताना त्याने दोनदा चुकीचं वळण घेतलं. सर्जनने दिवा लावला, नळी आत घातली. मग चिमट्याने ते मळकट काहीतरी धरलं आणि ओढलं. ती कळवळून ओरडली.

"सुकलेला शेंबूड आहे," तो म्हणाला. "खपली धरलीय. खाली सगळं लाल आहे. बघा, रक्तसुद्धा येतंय." आणि त्याने कापूस पुढे केला.

ती कापसाकडे बघत बसली. तिला रडू येत होतं आणि पट्टी नसल्यामुळे त्याचाही नुसता वारा होत होता.

"लवकर आलात ते बरं केलंत," सर्जन म्हणाला. "रोज कोण बघतं आत?"

नवऱ्याने मान खाली घातली. त्याचे कान लाल झाले होते. तिने सावकाश पट्टी बसवली.

"हेच बघतात," ती म्हणाली. "रोज."

बाहेर आल्यावर नवरा जिन्यातच पायरीवर बसला. येणारी-जाणारी माणसं त्याला वळसा घालून जात होती. तो तोंड ओंजळीत धरून रडला. तीही कठड्याला धरून, गुडघे सांभाळत, त्याच्या शेजारी टेकली.

"उद्यापासून बघेन," तो म्हणाला. "शपथ. खरंच बघेन."

"उद्या भीती वाटणारच आहे तुम्हाला."

"हो."

"मलाही वाटणार आहे. रोज वाटणार आहे, मी आहे तोवर." तिने त्याच्या खिशातून टॉर्च काढला आणि लागतो का ते बघितलं. "आधी मी बघेन, मग तुम्ही बघा. भ्यायचंच आहे, तर दोघं मिळून भिऊ. पण खोटं लाल मला पुन्हा सांगायचं नाही."

त्याने मान हलवली. मग दोघं एकमेकांना धरून उठले आणि टेम्पोकडे निघाले.